कपाटात पडलेलं एचएमटी पायलट परत हातावर आणायचं असेल तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो म्हणजे इतरांनाही कळेल. तुमच्याकडे डझनभर घड्याळं आहेत, इंदूरच्या सुदामा नगरचं घर आवरताना एका डब्यात एचएमटी पायलट सापडलं जे तुम्ही हौसेनं घेतलं होतं आणि सात-आठ वर्षं हातात धरलंच नव्हतं. चावी दिली, दिवसभर चाललं, रात्री टेबलावर ठेवलं तर सकाळी बंद, हलवलं की परत चालू. मित्र म्हणतो चावी जास्त बसली. दुकानदार म्हणतो सर्व्हिसिंगच्या पैशात दुसरं येईल. आणि तुम्ही विचारताय की करायचं काय, दुरुस्त करू, विकू की परत डब्यात टाकू. त्याच डब्यात एक सेको फाइव्ह आणि एक सेलवालं टायटनही आहे, त्यांचं शेवटी बोलतो.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे ते हलवणं बंद करा. मी बरीच वर्षं बेंचवर बसलोय, जेल रोडच्या एका दुकानात हाताखाली शिकलो आणि आता घरीच थोडंफार करतो, तर अनुभव असा की बंद पडलेल्या घड्याळापेक्षा ढकलत ढकलत चालवलेल्या घड्याळाचं नुकसान जास्त होतं. आतलं तेल चार-पाच वर्षांत जुनं होतं, काही उडून जातं, काही घट्ट होतं. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या पात्यावर चिकट थर बसतो ना, तसलंच काहीतरी पिव्हटभोवती होतं, आणि त्यात धूळ आणि धातूचा बारीक भुगा मिसळला की त्याची घासायची पेस्टच तयार होते. पिव्हट म्हणजे चाकाच्या दांड्याचं टोक, बॅलन्सचं, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाचं, तर केसाइतकं बारीक असतं. ज्वेल म्हणजे पिव्हट ज्यात फिरतो तो कृत्रिम माणकाचा खडा, त्याला सहसा काही होत नाही, झिजतं ते स्टील. म्हणजे तुम्ही कौतुकानं महिनाभर चालवलंत तर ज्या मशीनला नुसती सफाई पुरली असती तिला पार्ट शोधायची वेळ येते, आणि पार्ट आता कारखान्यातून येत नाहीत, एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचं २०१६ साली ठरलं. जे मिळतं ते जुन्या स्टॉकमधून नाहीतर दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढलेलं.

आता ते "चावी जास्त बसली" प्रकरण. हे वाक्य मी दुकानात इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक पिशवीतून घड्याळ काढायच्या आधी सांगू शकतो. अहो, जास्त चावी बसत नसते. हाताने चावी द्यायच्या घड्याळात कमान, म्हणजे जोर देणारी आतली स्प्रिंग, पूर्ण गुंडाळली गेली की चावी अडते, तिथं थांबायचं, बस. पूर्ण भरलेली कमान ही तर चांगली गोष्ट आहे. पूर्ण भरूनही मशीन चालत नाही याचा अर्थ कमानीचा जोर बॅलन्सपर्यंत पोचतच नाहीये, वाटेत घट्ट तेल नाहीतर घाण त्याला खातेय. तुम्ही हलवता तेव्हा बॅलन्सला बाहेरून ढकल मिळते म्हणून चालतं. हातावर असताना मनगट हलत राहतं म्हणून दिवस निघतो, रात्री टेबलावर कुणी ढकलत नाही म्हणून थांबतं. तुम्ही सांगितलेली लक्षणं अगदी याच रोगाची आहेत, त्यामुळे मला यात फार शंका वाटत नाही. बॅलन्स स्टाफ, म्हणजे बॅलन्सचा दांडा, तुटलेला असता तर हलवूनही दोन-चार टिकटिक करून थांबलं असतं.

तरी एकदा नीट तपासून घ्या, यात मशीनला त्रास नाही. दहा-बारा वेळा चावी फिरवा, पूर्ण नको, आणि डायल वर करून शांत जागी ठेवा. कानाशी धरून आवाज ऐका. पायलटची मशीन तासाला १८,००० ठोके देते म्हणजे सेकंदाला ५. आवाज समान अंतरानं यायला हवा, एक ठोका जवळ आणि एक लांब असा लंगडा आवाज असेल तर बीट बिघडलेली आहे, तेही सर्व्हिसमध्ये सुधारतं. मोबाइलवर टायमिंग मोजायची अॅप्स मिळतात, माइकला घड्याळ चिकटवून धरायचं, दुकानातल्या मशीनइतकी खात्रीची नसतात पण अंदाज देतात. मग डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तीन बाजूंना काही तास ठेवून फोनच्या वेळेशी ताडून बघा. डायल वर आणि डायल खाली यात खूपच फरक पडला तर बॅलन्सच्या एका बाजूचा पिव्हट किंवा ज्वेल खराब आहे असं समजा. आणि हे सगळं लिहून ठेवा, कारागिराकडे जाताना तो कागद न्या, "बरोबर चालत नाही" एवढंच सांगितलंत तर तो बिचारा काय समजणार.

एक गोष्ट मात्र वेगळी निघू शकते. घड्याळ मागे न पडता खूप पुढे पळत असेल, दिवसाला दहा-पंधरा मिनिटं वगैरे, तर आधी मॅग्नेटचा संशय घ्या. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सवरच्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स भरभर फिरतो. हल्ली हे फार दिसतं, कारण लोक घड्याळ काढून ठेवतात कुठं, तर ब्लूटूथ स्पीकरवर, लॅपटॉपवर, नाहीतर चुंबकाच्या बटणाच्या पर्समध्ये. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या, सुई हलली तर समजा. डीमॅग्नेटायझरवर हे काही सेकंदांचं काम आहे, ह्याला पूर्ण सर्व्हिसचे पैसे द्यायचे नसतात.

ढक्कन मात्र घरी उघडू नका. यूट्यूब बघून सुरीनं ढक्कन उचकटणारे इंदूरमध्ये काही कमी नाहीत, त्यांची घड्याळं माझ्याकडे येतात, सुरी सटकून बॅलन्सवर गेलेली. आणि कृपा करून शिलाई मशीनचं तेल, स्प्रे, खोबरेल असलं काही आत सोडू नका. घड्याळात तेल सगळीकडे सारखं नसतं, बॅलन्सच्या पिव्हटला पातळ, कमानीकडच्या भागाला जाड, आणि पॅलेट फोर्कच्या, म्हणजे बॅलन्सला ढकल देणाऱ्या छोट्या तरफेच्या, पिव्हटला तर मुद्दाम कोरडंच ठेवायचं असतं.

आता कारागीर. राजवाड्याच्या आसपास, जेल रोडला, एमजी रोडला अजून जुने हात आहेत, नावं घेत नाही, पण जाऊन विचारायचं काय ते सांगतो. पहिला प्रश्न, "भिया, पूरा खोलके साफ करोगे या पेट्रोल में डुबाके दोगे?" राग आला तर येऊ द्या. पेट्रोलमध्ये मशीन आख्खी बुडवून फुंकर मारून परत लावणं हा जुना धंदा आहे, घड्याळ लगेच चालतं, गिऱ्हाईक खूश, पण आतली घाण विरघळून नेमकी ज्वेलच्या भोकांत जाऊन बसते आणि कॅप ज्वेलखाली, म्हणजे बॅलन्सच्या पिव्हटवर झाकणासारख्या बसणाऱ्या खड्याखाली, ताजं तेल पडतच नाही. सहा महिन्यांत परत तेच. नीट सर्व्हिस म्हणजे प्रत्येक चाक वेगळं काढणं, कमान तिच्या डबीतून, म्हणजे ड्रममधून, बाहेर काढणं, भोकं लाकडी काडीनं साफ करणं, मग जागेनुसार तेल. आणि कुणी सगळं स्पिरिटमध्ये टाकतो म्हणाला तर तिथून निघा, पॅलेटचे खडे शेलॅकनं चिकटवलेले असतात आणि शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतो.

दुसरा प्रश्न कमानीचा. जुनी पोलादी कमान वर्षानुवर्षं वापरून थकते, बाहेर काढली की मोकळी पसरायच्या ऐवजी वेटोळं घालूनच बसते, ती बदलायलाच हवी, नाहीतर सगळी सफाई करून जोर परत कमीच. तिसरा, टायमिंग मशीनवर अॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो ते, किती आली दाखवा म्हणावं. पूर्ण चावीवर डायल वर ठेवून २७० अंशांच्या आसपास आली तर उत्तम, इतक्या जुन्या एचएमटीला २५० ला मी कुरकुर करणार नाही, २०० च्या खाली असेल तर काम झालेलंच नाही. आणि दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक पडला तर भांडायला जाऊ नका, एवढ्या जुन्या साध्या मशीनकडून तेवढं चालायचं.

सर्वात महत्त्वाचं, कारागिराला स्पष्ट सांगायचं, केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, बफ करायची नाही, चाकावर घासून चकचकीत करायची नाही. हे लोकांना माहीतच नसतं. एचएमटीच्या कितीतरी केस पितळेच्या आहेत, वर क्रोमचा मुलामा, फक्त मागचा ढक्कन स्टेनलेस स्टीलचा, आणि ढक्कनावर तसं लिहिलेलंही असतं, ते वाचून लोकांना वाटतं सगळंच स्टील. बफिंगचं चाक लागलं की पट्टा अडकवायच्या कानांच्या कडेनं पिवळं पितळ दिसायला लागतं आणि मग ते परत जात नाही, घाम लागून हिरवं होतं ते वेगळं. ओरखडे राहू द्या. काच मात्र चकाचक करून घ्या, पायलटची काच अॅक्रेलिकची आहे, तिच्यावरचे ओरखडे पॉलिशनं खरंच जातात, आणि दहापैकी नऊ वेळा "घड्याळ जुनाट दिसतं" ही तक्रार काचेचीच असते. डायलला ओलं फडकं, बोट, कापूस काही लावू द्यायचं नाही. छापलेली अक्षरं पुसली गेली की संपलं.

डायलवरून आठवलं, तुमचं पायलट अस्सल आहे का ते आधी बघा, कारण त्यावर किती खर्च करायचा ते ठरतं. बाजारात "मुंबई स्पेशल" नावाचा एक प्रकार फिरतो, मशीन जुनी, डायल नवी रंगवलेली, काटे भलत्याच घड्याळाचे. पायलट काळ्या डायलचं, मोठे आकडे, १७ ज्वेल. भडक केशरी, पोपटी, तिरंगी अशा डायलचं पायलट कुणी विकत असेल तर ते कारखान्यातून तसं निघालेलं नाही असं धरून चाला. भिंग घेऊन अक्षरांच्या कडा बघा, छपाई जाड आणि फुगीर, पॅराशॉकचं स्पेलिंग चुकलेलं, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, असं काही दिसलं तर रंगकाम आहे. हे पॅराशॉक म्हणजे सिटिझनची धक्का सोसायची पद्धत, १९५६ मधली, आणि एचएमटीनं १९६१ साली बंगलोरला सिटिझनच्याच मदतीनं घड्याळं सुरू केली म्हणून ती आपल्याकडे आली. रंगवलेलं निघालं तरी फेकू नका, रोज घालायला छान असतं, उलट जिवाला घोर नाही. फक्त संग्राहकाच्या भावानं विकायला जाऊ नका.

दुकानदाराच्या त्या वाक्याबद्दल, सर्व्हिसच्या पैशात दुसरं येईल. येईल की. पण ते दुसरंही सर्व्हिस न झालेलंच येणार ना! त्याला परत सर्व्हिस लागणार. साध्या हँडवाइंडिंगचा हिशोब घड्याळाच्या बाजारभावाशी करूच नये, तुम्ही ते घालणार आहात का एवढ्यावर करावा.

आणि इथं मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचाय, जो तुमच्या लिहिण्यात कुठंच नाहीये. ते घड्याळ तुम्ही घालायचं का सोडलंत? बंद पडलं म्हणून नव्हे, बंद तर ते नंतर कपाटात पडून पडलं. माझ्याकडे संग्रहवाली मंडळी येतात, त्यांची विसरलेली घड्याळं बघितली की कारण बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक निघतं. पट्टा. खरंच, नुसता पट्टा. विकत घेताना जो कडक प्लास्टिकसारखा पट्टा होता तोच अजून लावलेला, मनगटाला टोचतो, पावसाळ्यात वास मारतो, म्हणून हात आपोआप दुसऱ्या घड्याळाकडे जातो. पायलटच्या कानांमधलं अंतर सहसा १८ मिलिमीटर असतं, तरी मोजून घ्या, आणि चांगला मऊ चामड्याचा पट्टा लावा, जून ते सप्टेंबर नायलॉनचा. पट्टा बदलताना तो धरून ठेवणाऱ्या बारीक सळ्या, म्हणजे स्प्रिंग बारही, नवे टाका, चार पैशांची गोष्ट आहे आणि तीच सडून घड्याळ फरशीवर पडतं. नायलॉनचा जो पट्टा घड्याळाच्या खालून आरपार जातो त्यानं पायलट थोडं उंच बसतं, बारीक मनगटाला ते बरं दिसत नाही, दोन तुकड्यांचा घ्या.

दुसरं कारण आकार. हल्ली ४०-४२ मिलिमीटरची सवय झालेली असते, त्यावरून ३५ च्या आसपासचं पायलट घातलं की लहान मुलाचं घातल्यासारखं वाटतं. हे डोळ्याचं दुखणं आहे, चार-सहा दिवसांत जातं, पण मध्ये परत मोठं घड्याळ घातलंत तर जात नाही. म्हणून मी लोकांना सांगतो की सर्व्हिस होऊन आलं की पंधरा दिवस तेच एक. बाकीची सगळी कुलूपबंद, बायकोकडे किल्ली द्या हवं तर. सकाळी पोहे-जिलबीच्या आधी चावी द्यायची, रोज साधारण त्याच वेळी, अडेपर्यंत. चावी देताना घड्याळ हातातून काढून द्या, मनगटावर असताना दिली की स्टेमवर, म्हणजे चावीच्या दांडीवर, तिरका जोर पडतो. ऑफिसला तेच, लग्नाला तेच, सराफ्यात रात्री खायला जाल तेव्हाही तेच, फक्त पाण्यापासून लांब, याच्यात वॉटरप्रूफ असं काही शिल्लक नसतं, ढक्कनावर काहीही लिहिलेलं असो. ढक्कनाखालचं जुनं रबरी गॅस्केट कडक होऊन तडकलेलं असतं. काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात पुरणं, उन्हात ठेवणं असले उद्योग न करता त्याच दिवशी कारागिराकडून उघडून वाळवून घ्या, गंज एका रात्रीत लागतो.

तिसरं कारण जरा नाजूक असतं, ते घड्याळ कुणाचं तरी असतं. वडिलांचं, मुंजीत मामानं दिलेलं, लग्नात सासरकडून आलेलं, आणि बिघडेल या भीतीनं ते कपाटात जातं. कपाटातच बिघडतं. तुमचं तर तुम्हीच घेतलेलं आहे, तेव्हा तुम्हाला हे लागू नाही, पण घरात असं दुसरं असेल तर तेही काढा. त्यात जर १९६० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं स्विस घड्याळ असेल आणि काट्यांवर, आकड्यांवर तपकिरी पडलेला चमकणारा रंग असेल तर एक सावधगिरी, तो रेडियम असू शकतो. आता चमकत नाही म्हणून तो संपला असं नाही, चमकणारं रसायन मेलेलं असतं, रेडियम तिथंच आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं. बंद काचेत असू द्या, खरवडू नका, त्याची भुकटी नाकातोंडात जाता कामा नये, आणि कारागिरालाही आधी सांगा.

पंधरा दिवसांनी तुमचं तुम्हालाच कळेल. सोळाव्या दिवशी कपाट उघडून तुम्ही दुसरं घड्याळ उचललंत आणि पायलटची आठवणही झाली नाही, तर ते विका नाहीतर दहावी झालेल्या भाच्याला द्या, चालू स्थितीत आणि नव्या पट्ट्यावर दिलंत तर तो घालेल. पण माझ्या बघण्यात बरेच जण तसं करत नाहीत. उलट नवीन घ्यायचं जे खूळ डोक्यात असतं ना, तेच थोडं थंड होतं. डझनभर घड्याळं असणाऱ्या माणसाला तेरावं हवं असतं कारण बाराही त्यानं नीट घातलेलीच नसतात, हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

आता उरलेली दोन. सेको फाइव्ह आहे ना, त्याच्या मागच्या ढक्कनावर मशीनचा नंबर असतो, ७००९ किंवा ७एस२६ असेल तर त्याला हाताने चावी बसत नाही, चावी फिरवत बसू नका. हातात आडवं धरून अर्धा मिनिट हळू हळू गोल झुलवा, खुळखुळ्यासारखं आपटू नका, काटा चालला की मनगटावर घाला, बाकी तुमचा हात भरेल. वार-तारीख रात्री ९ ते पहाटे ४ च्या मध्ये बदलायची नाही, त्या वेळात तारखेचं चाक आधीच दात्यात अडकलेलं असतं आणि ओढलंत तर दात तुटतो. आधी काटे फिरवून साडेसहावर आणा, मग तारीख. सेको टेबलावर ठेवल्यावर पूर्ण भरलेलं असताना चाळीसेक तास चाललं तर त्याला सध्या हात लावू नका, लवकर थांबलं तर पायलटनंतर त्याचा नंबर.

टायटनचं काम मात्र आजच करा, पायलटच्याही आधी. त्यातला मेलेला सेल कारागिराकडून काढून घ्या. क्वार्ट्झ घड्याळं झिजून फार मरत नाहीत, आत सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक असतो त्याला काही होत नाही, ती मरतात सेल आत फुटून, क्षार सर्किटवर पसरतो आणि कॉइलची केसासारखी तार खाऊन टाकतो. काढलेल्या सेलवरचा नंबर चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा, बहुतेक ३७७ किंवा ३६४ निघेल. नवीन टाकाल तेव्हा १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइडच मागा, पाच-दहा रुपयांचा अल्कलाइन टाकून देतील, तो लवकर उतरतो आणि गळतोही लवकर. आणि घालायचं नसेल तर नवीन टाकूच नका, रिकामंच ठेवा.